पार्फिट गवंड्याची भिंत

चहाचा चमचा हे काही भिंत पाडायचं हत्यार नव्हे, हे मला पूर्ण मान्य आहे. पुढे काउन्सिलच्या फॉर्मात 'कोणत्या साधनाने?' असा एक रकाना आला. मी त्यात 'चहाचा चमचा' असं लिहिलं, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पण खरं तेच होतं. मे महिन्यातली सकाळ होती, मागच्या बागेत सफरचंदं फुलली होती, हेस्टर पलंगावर बसून खोकत होती आणि मी तिचा चहा ढवळत उभा होतो. तिच्या उशाशी भिंतीवर एक ओलसर डाग दिसला. बशीएवढा. मी चमच्याच्या दांड्याने त्यावर सहज टकटक केलं. आतून पोकळ आवाज आला, म्हणून जरासं खरवडलं. एवढंच. माणसाने आपल्या घरात एवढंही करायचं नाही का?

भिंतीचा ताटाएवढा तुकडा सुटला आणि उशीवर येऊन पडला. हेस्टरने पाय वर घेतले. धूळ खाली बसली आणि त्या भोकातून सकाळचं पिवळं ऊन थेट तिच्या पांघरुणावर आलं. पलीकडे आमचं थोरलं सफरचंदाचं झाड दिसत होतं, फुलांनी गच्च भरलेलं. आम्ही दोघं बघत बसलो. एक मधमाशी आत आली, खोलीत एक चक्कर मारून गेली. चहा गार झाला. खरं म्हणजे त्याच क्षणी मला घाबरायला हवं होतं, पण माझा स्वभावच असा, समोर काही सुंदर दिसलं की मी तिथेच विरघळतो.

"क्लेमंट," हेस्टर म्हणाली, "छान दिसतंय, पण बाहेरचं दिसतंय."

आमच्या निदर व्हार्लो गावातली सगळीच घरं अशी. ओकचा सांगाडा, मधल्या चौकोनांत काटक्यांचा कूड, त्यावर लिंपलेली माती, वर शाकारलेलं छप्पर. चारशे वर्षांत ओक आपल्या मर्जीने वाकत गेलाय, त्यामुळे घरात एकही रेषा सरळ नाही. वरच्या खोलीत माझ्या बाजूला संत्रं ठेवलं तर ते निवांत घरंगळत हेस्टरच्या बाजूला जातं. मी चौतीस वर्षं जिल्ह्याच्या नकाशा-कचेरीत सरळ रेघा मारल्या. संध्याकाळी घरी येऊन त्या वाकड्या तुळयांखाली बसलं की मला होडीत बसल्यासारखं वाटायचं. वारा सुटला की घर कुरकुरतं. मला तो आवाज फार आवडतो. हेस्टरला आवडतो की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आता जी गोष्ट सांगतो ती या कानाची त्या कानाला कळू देऊ नका. तो चौकोन मातीचा नव्हता. सिमेंटचा होता. आणि ते सिमेंट मी लावलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी हेस्टरची बहीण एनिड हिच्या पायाचं ऑपरेशन झालं, म्हणून हेस्टर पंधरा दिवस तिच्याकडे वॉर्दिंगला गेली. जाताना बजावून गेली, तेवढी पलंगाजवळची भिंत चांगल्या गवंड्याकडून करून घे. गवंडी मिळेना. मी म्हटलं, नकाशे काढणाऱ्या माणसाला एक चौकोन भरता येऊ नये? सिमेंटची पोती आणली, आतून-बाहेरून थापलं, वर चकचकीत पांढरा रंग दिला. आमचं घर सरकारी वारसा यादीत आहे, तिथे परवानगीवाचून खिळा ठोकणंसुद्धा गुन्हा, ही गोष्ट मला अंधुकशी ठाऊक होती. हेस्टर परत आली, तिने भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "कुणी केलं रे हे?"

खरं सांगायला काय हरकत होती? हरकत एकच. नवऱ्याचं काम म्हटलं की बायको एक तर कौतुक करते नाही तर कीव. मला निःपक्षपाती मत हवं होतं. म्हणून मी म्हणालो, "पार्फिट म्हणून एक गवंडी आहे, त्याने."

"सुरेख," हेस्टर म्हणाली. "फारच सुरेख काम."

मी इतका सुखावलो की दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ते राहून गेलं. मग पार्फिटचा व्याप वाढत गेला. हेस्टर त्याची चौकशी करायची, मी उत्तरं द्यायचो. त्याचा एक पाय जरा अधू होता. त्याला चार मुलं होती, पुढे पाचवं झालं. आमची धुरांडी दुरुस्त करायला त्यालाच बोलाव, असं हेस्टर म्हणाली, तेव्हा नाइलाजाने मला त्या सबंध कुटुंबाला न्यूझीलंडला पाठवावं लागलं. हेस्टरने धाकट्यासाठी लोकरीची टोपी विणली आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे दिली. ती मी गुपचूप चर्चच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात नेऊन टाकली. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

तर भिंतीला भोक पडल्यावर डॉक्टर आले, त्यांनी त्यात हात घालून बघितलं, हेस्टरची छाती तपासली. म्हणाले, "हा खोकला औषधाने जायचा नाही. या भिंतीतली ओल गेली तर जाईल. भिंत झाली नाही, तर हिला इथे हिवाळा काढू देऊ नका." ते शब्द एनिडच्या कानावर गेले. एनिडचा बंगला वॉर्दिंगला समुद्रापाशी आहे, एकमजली, सरळ भिंतींचा, प्रत्येक खोलीत हीटर. तिने फोनवरच जाहीर केलं, "ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मी गाडी घेऊन येते. भिंत झाली असेल तर ठीक, नाही तर हेस्टर माझ्याकडे." हिवाळ्यापुरतं म्हणून वॉर्दिंगला गेलेली आमच्या गावातली तीन माणसं मला ठाऊक आहेत. तिघांपैकी एकही परत आलेलं नाही. त्यांची नाताळची कार्डं येतात.

गावात अशा भिंती करणारा एकच उरलाय, बेडोज मिस्त्री. सत्तरीचा, बोलायला महाकंजूष. तो आला, सिमेंटवर अंगठा फिरवला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा सिमेंटकडे.

"ओक हलतो, माती श्वास घेते," तो म्हणाला. "सिमेंट दोन्ही करत नाही. पाणी आत कोंडतं. बाई एकोणीस वर्षं त्या पाण्याशेजारी झोपल्यात."

एकोणीस हा आकडा याला कसा कळला, ते त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. माझं मन त्या शेवटच्या वाक्यापाशी अडकलं होतं. माझ्या हौसेची भिंत, आणि खोकला तिला. मी खाली जाऊन बागेत बराच वेळ उगीचच कुंपण बघत उभा राहिलो.

सिमेंट काढून माती लिंपायलाही परवानगी लागते. अर्जासोबत नकाशा हवा होता, आणि इथे मला जरा स्फुरण चढलं. तीन आठवडे बसून मी असा नकाशा काढला की काय सांगू. कोपऱ्यात बाग काढली, प्रत्येक झाडाला सावली दिली, सफरचंदंही मोजून काढली. आठ दिवसांत नकाशा परत. शेरा होता: 'नकाशातील घर व जागेवरील घर एकच नाही.' चौतीस वर्षांची सवय, मी सगळ्या भिंती सरळ काढल्या होत्या. मग ते घर वाकडं काढायला आणखी दोन आठवडे गेले. वाकडी रेघ काढणं किती अवघड असतं, ते ज्याने काढली त्यालाच कळतं.

त्यानंतर आमच्या फाटकावर पिवळी नोटीस लागली. एकवीस दिवस, कुणाची हरकत असेल तर लेखी कळवावी. नोटीस बघायला लोक थांबायचे, गुलाबाची स्तुती करायचे, नोटीस वाचत नसल्यासारखं वाचायचे. समोरच्या बफ्टनबाई तर गूजबेरीचा टार्टच घेऊन आल्या.

"हेस्टर कशी आहे हो?" त्यांनी विचारलं. "बिचारी. काही लागलं तर हक्काने सांगा हं, क्लेमंट. आणि तुम्ही पोस्टाच्या पेटीकडे निघालाच आहात तर एवढं पत्र टाकाल का? माझे गुडघे आज ऐकत नाहीयेत."

मी पत्र टाकलं. ती बफ्टनबाईंची हरकत होती, हे मागाहून कळलं. मातीत शेण मिसळणार, त्याच्या वासाने त्यांच्या धुतलेल्या चादरी खराब होणार, सबब परवानगी देऊ नये. दोन पानं, सुवाच्य अक्षर. आपल्याविरुद्धचं पत्र आपल्याच हाताने पेटीत टाकणारा मी जिल्ह्यातला बहुधा एकटाच. टार्ट मात्र उत्तम होता, तो आम्ही दोघांनी भोकासमोर बसून खाल्ला. पलीकडे फुलं गळून बारीक हिरवी फळं धरली होती. दर दोन-चार दिवसांनी भोवतालचं थोडं सिमेंट आपणहून पडायचं आणि चित्र मोठं व्हायचं.

हरकतीने केलं नसेल इतकं नुकसान प्रोबर्टच्या पाठिंब्याने केलं. प्रोबर्ट आमचा शेजारी, चर्चचा कारभारी, जगातल्या कुठल्याही दुखण्यावर व्हिनेगर सुचवणारा. भिंतीलाही त्याने व्हिनेगरच सुचवलं होतं. मनाचा मोठा, म्हणून त्याने आपणहून काउन्सिलला पत्र लिहिलं: 'क्लेमंट ग्विलियम यांच्या अर्जास माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. ही भिंत गेली एकोणीस वर्षे साऱ्या गावाच्या डोळ्यांत खुपते आहे.'

घर यादीत लागलं तेवीस वर्षांपूर्वी. भिंत एकोणीस वर्षांपूर्वीची. म्हणजे काम बेकायदा. जुलैत काउन्सिलच्या वारसा अधिकारी मिस लीस प्रोबर्टचं पत्र घेऊन हजर झाल्या. 'एकोणीस' या शब्दाखाली लाल रेघ होती. बाई तरुण होत्या, जुन्या लाकडावर त्यांचा फार जीव. भिंतीपुढे गुडघे टेकून बसल्या आणि त्यांचा आवाज खरोखर कापला.

"कुणा गाढवाने केलंय हे?"

"अगदी माझ्या मनातलं बोललात," मी म्हणालो.

"असल्या माणसाला मिश्रणाच्या घमेल्याजवळसुद्धा उभं करता कामा नये."

"मुळीच नाही," मी म्हणालो. स्वतःची निंदा इतक्या जोरात ऐकायची वेळ माझ्यावर पूर्वी आली नव्हती. 

"त्याचं नाव काय?"

मी तोंड उघडायच्या आत हेस्टर पलंगावरून शांतपणे म्हणाली, "पार्फिट. जरासा लंगडत असे. पाच मुलं. आता न्यूझीलंडला असतो. हो ना रे, क्लेमंट?"

मिस लीस यांनी सगळं उतरवून घेतलं, लंगडणंसुद्धा. दोषी इसमाचा तपास पूर्ण होईपर्यंत अर्ज स्थगित. न्यूझीलंडला पत्र गेलं. ऑगस्ट उलटला, सफरचंदांवर लाली चढली, पार्फिटचा पत्ता लागेना. सप्टेंबरात तिकडून उत्तर आलं, या वर्णनाचा गवंडी आढळत नाही, शोध दक्षिणेकडच्या बेटावर चालू ठेवावा काय? काउन्सिलने कळवलं, ठेवावा.

मी बेडोजकडे गेलो. तो त्याच्या अंगणात कुडासाठी हेझलच्या लवचिक फांद्या उभ्या चिरत बसला होता.

"मिस्त्री, ऑक्टोबरचा पहिला रविवार जवळ आला. काही मार्ग आहे का?"

त्याने तीन फांद्या चिरल्या, मग बोलला. "एक आहे. ज्याने केलं तो पुढे आला, तर काउन्सिल त्याला हुकूम काढतं. अठ्ठावीस दिवसांत पाड आणि होतं तसं कर. हुकमाला परवानगी लागत नाही. हरकतही घेता येत नाही. बफ्टनबाईंनासुद्धा."

"पण तो न्यूझीलंडला आहे," मी म्हणालो.

"असेल बुवा," बेडोज म्हणाला आणि चौथी फांदी उचलली.

हुकमाची प्रत गावच्या फलकावर लागते, नावानिशी. मी घरी आलो तो मुद्दाम लांबच्या वाटेने, ओढ्याकाठून. ऊन कलतं होतं, गवतावर कोळ्यांची जाळी चमकत होती, आणि मी मनातल्या मनात पार्फिटला परत आणत होतो, त्याच्याकडून कबुली घेत होतो, त्याला माफ करत होतो. इतकं छान जमत होतं की फाटकापाशी येईपर्यंत मला तो जवळजवळ दिसायला लागला. पण फाटकातून आत बघितलं तर हेस्टर झाडाखाली स्टुलावर बसून सफरचंदं पुसत होती, एक पुसायचं की थांबून खोकायचं, आणि गवतावर तिचे लोकरीचे कपडे घडी करून ठेवले होते, वॉर्दिंगसाठी.

मी तिच्यासमोर गवतात बसलो.

"हेस्टर, पार्फिट म्हणून कुणी नव्हताच."

तिने हातातलं सफरचंद पुसून टोपलीत ठेवलं. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"मी आले त्या दिवसापासून. तुझ्या भुवयांत सिमेंट होतं, क्लेमंट. डाव्या कानातही."

"मग तू सुरेख कशाला म्हणालीस?"

"तुझा चेहरा बघितला म्हणून. मला वाटलं, चहा होईपर्यंत तू स्वतःच सांगशील. मग वाटलं, जेवणापर्यंत सांगशील. मग नाताळ आला. मग विचारायचं कसं तेच कळेना."

"आणि त्या बाईंना तू सगळं सांगितलंस ते? मुलं, लंगडणं?"

"म्हटलं, आता तरी तुझ्या तोंडून निघतं का बघू."

मी गवताची काडी मोडत बसलो. "ती टोपी," मी म्हणालो.

"ती मी चर्चच्या बाजारातून परत विकत आणली. माझीच वीण, मला ओळखू येणार नाही?" तिने दुसरं सफरचंद उचललं. "तेव्हा मात्र मला राग आला होता. भिंतीचा नाही. त्या पाचव्या पोराचा. आपल्याला एक झालं नाही, आणि तू त्या माणसाला पाच देऊन बसलास."

 मला तिचं कौतुक हवं होतं म्हणून मी एक माणूस रचला होता, आणि त्याला सजवताना माझ्याच बायकोच्या काळजावर पाय देऊन उभा राहिलो होतो, तोही इतकी वर्षं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिला तसं सांगितलं. तिने टोपलीत हात घालून चाचपलं. मग तिने एक सफरचंद माझ्याकडे टाकलं आणि म्हणाली, "हे डागाळलंय, आजच खाऊन टाक."

मी ते अर्धं खाल्लं. "मी उद्या काउन्सिलात जातो. माझंच नाव लिहून देतो."

"दे. पण एनिडला मी शब्द दिलाय. वॉर्दिंगला मी जाणार. मला खरंच श्वास घ्यायचाय रे."

काउन्सिलात मिस लीस यांनी माझी कबुली दोनदा वाचली. "गाढव म्हणाले मी, ते तुम्ही होतात?"

"हो."

"आणि तुम्ही मान डोलावलीत?"

"तेही खरं."

त्यांनी हुकमावर सही केली. सहीला जरा वेळ लागला, त्या हसू आवरत होत्या असा माझा संशय आहे. दुसऱ्या दिवशी फलकावर माझं नाव लागलं आणि तिसऱ्या दिवसापासून केक यायला लागले. आमच्याकडे माणूस गेलं की शेजारी केक घेऊन येतात, हळू आवाजात बोलतात, लवकर निघतात. हुबेहूब तसंच. फळांचा केक, बियांचा केक, आल्याचा केक. प्रोबर्टने केकसोबत व्हिनेगरची बाटलीही आणली. बफ्टनबाई माझा हात धरून म्हणाल्या, "फार धीर केलात हं."

"तुम्हाला धक्का बसला असेल," मी म्हणालो.

"छे हो. आम्ही सगळे पंधरा दिवस खिडकीतूनच तर बघत होतो. तुम्ही ते घमेलं घेऊन शिडीवरून पडलात त्या दिवशी तर माझी बहीणही आली होती बघायला."

"आणि कुणी एका शब्दाने बोललं नाही?"

"म्हटलं, कशाला बोला. इतके खुशीत होतात."

एकोणीस वर्षं मी ज्या गावात ताठ मानेने फिरलो, ते सबंध गाव माझी मान सांभाळत होतं, हे कळल्यावर माणसाने कुठे बघावं? मी केकाकडे बघितलं.

बेडोजने कामाला हात घातला. पलंग मधल्या बोळात काढला, पलीकडच्या खोलीतल्या सफरचंदांच्या फळ्या मी खाली हलवल्या आणि हेस्टर तिथे झोपायला लागली. सिमेंटचा शेवटचा तुकडा निघाला तेव्हा आतून ओल्या जमिनीचा वास आला. दोन-तीन दिवस वारा मोकळा खेळला. चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर हेस्टर खोकत नव्हती. मी कप तिच्या हातात ठेवला.

शेजारच्या जुन्या चौकोनावरचा चुना थोडा निसटला होता, तो बेडोजने हलकेच मोकळा केला. माझ्या सिमेंटच्या कडेखाली जुनी माती जशीच्या तशी होती आणि तिच्यावर बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. चार बोटं, शेजारी शेजारी, खालपासून वरपर्यंत. चुना धरावा म्हणून लिंपणारे माती अशी ओरबाडून ठेवत. चारशे वर्षांपूर्वी कुणी तरी इथे उभं राहून हात फिरवला होता, बहुधा बाहेर असंच ऊन असताना, आणि मग जेवायला गेलं असावं. हेस्टर शाल पांघरून दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने आपली बोटं त्या खुणांत ठेवली. बरोबर बसली.

"बाईचा हात आहे," बेडोज म्हणाला. "माती बायकाच लिंपायच्या."

हेस्टरने शाल काढून माझ्या हातात दिली आणि बाह्या वर केल्या.

नंतरचे दिवस मला एखाद्या गोड गुंगीसारखे आठवतात. बागेत बेडोज अनवाणी पायांनी माती, पेंढा आणि शेण तुडवायचा. मी बादल्या वाहायचो, त्याहून जास्तीचं काम मला कुणी देईना. हेस्टर हेझलच्या कुडावर मातीचे गोळे दाबायची, तळव्याने थापायची, बोटं ओढायची. तिच्या गालावर माती लागलेली असायची. मंगळवारी बफ्टनबाई नाकाला रुमाल लावून तक्रार करायला आल्या, आणि पाऊण तासाने बघतो तर त्यांच्याही कोपरापर्यंत शेणमाती. त्यांचे गुडघे त्या दिवशी ऐकत होते. मिस लीस तपासणीला आल्या, भिंतीला गाल लावून उभ्या राहिल्या, आणि हुकमाचं पालन झालं असा शेरा देऊन गेल्या.

पहिला रविवार उजाडला. भिंतीवरचा शेवटचा हात चालू होता आणि माझं लक्ष रस्त्याकडे होतं. भिंत झाली होती, पण हेस्टरने मला जाते किंवा राहते यातलं काहीच सांगितलं नव्हतं, आणि बॅग भरलेली जिन्याखाली तशीच होती. मी विचारू शकत नव्हतो. नको जाऊस म्हणण्याचा हक्क मला उरलाय असं मला वाटत नव्हतं. अकरा वाजता एनिडची गाडी आली. ती सरळ जिना चढून वर आली, बाहेरचं ऊन मागे ठेवून आलेला माणूस आमच्या तुळईवर आपटतो तसं तिनेही कपाळ आपटून घेतलं आणि म्हणाली, "हेस्टर, हे काय? हात बघ तुझे. चल, आटप, बॅग कुठाय?"

"मला आत्ता कसं निघता येईल?" हेस्टर माती थापत म्हणाली. "भिंत ओली आहे."

"मग ओलीच्या शेजारी राहणार?"

"मी पलीकडच्या खोलीत झोपते. पण हिच्याकडे लक्ष द्यायला माणूस हवं. घाईत वाळली तर तडे जातात. विचार मिस्त्रींना."

एनिड बेडोजकडे वळली. "किती दिवस लागतील वाळायला?"

बेडोज थापीवरची माती बोटाने पुसत होता. या माणसाने चाळीस वर्षांत कुणाला एक शब्द खोटा सांगितल्याचं ऐकिवात नाही. "वसंतापर्यंत," तो म्हणाला. "खालची शेगडी रोज जरा पेटती हवी. फार नको, कमी नको. रोज हात लावून बघावी लागते. साहेबांच्या हाताला ते कळायचं नाही."

यावर कुणाचंच दुमत नव्हतं. एनिड खाली जाऊन टेबलाशी बसली आणि रागारागाने आल्याचा केक कापायला लागली. मी अंगणात गेलो. बेडोज पंपाखाली बादली धूत होता.

"मिस्त्री, खरंच वसंतापर्यंत?"

"छे. तीन आठवडे. फार तर चार."

"मग तसं का सांगितलंत?"

"हेस्टरबाईंनी गुरुवारीच विचारून ठेवलं होतं," बेडोज म्हणाला. "बहीण आली की काय सांगायचं, तेही त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, साहेबांच्या कानावर घालू का? म्हणाल्या, नको, जातेस की राहतेस हे स्वतः विचारायला त्यांना किती वेळ लागतो ते बघायचंय."

मी तसाच आत गेलो. हेस्टर टेबलाशी बसली होती, हातांवरची माती वाळून पांढरट झाली होती, आणि एनिड माझ्याकडे बघत होती.

"क्लेमंट, तू तरी खरं सांग," एनिड म्हणाली. "इतके महिने लागतात भिंत वाळायला?"

मी हेस्टरकडे बघितलं. ती कपाकडे बघत होती.

"वसंतापर्यंत लागतातच," मी म्हणालो. "कदाचित जूनही उजाडेल."